एकाच घरात एकाला साधी सर्दी, दुसऱ्याला न्यूमोनिया: यात जनुकांचा वाटा किती?

पावसाळा सुरू झाला, भातलावणीची कामे आली की घरोघरी ताप-खोकल्याचे रुग्णही वाढतात. धसई, मुरबाड, शहापूर भागातून येणारे नातेवाईक अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, घरात सगळ्यांना एकच ताप आला. नातू दोन दिवसांत खेळायला लागला, आजी आठवडाभर खोकून बरी झाली, आणि तिशीतल्या धडधाकट भावाला मात्र ऑक्सिजन लावावा लागला. असे का? आमच्या रक्तातच काही दोष आहे का?"

प्रश्न योग्य आहे आणि त्यामागची भीतीही समजण्यासारखी आहे. कोविडच्या काळात एकाच घरातील दोन-दोन माणसे गेल्याच्या आठवणी अजून ताज्या आहेत. फ्लू, कोविड किंवा आरएसव्ही यांसारखे श्वसनमार्गाचे विषाणू काही लोकांनाच का जास्त त्रास देतात, त्यात आनुवंशिकतेचा वाटा किती आणि तुमच्या कुटुंबाने नेमके काय करावे, हे या लेखात पाहू.

आधी थोडक्यात उत्तर

- आजार किती गंभीर होईल यात जनुकांचा वाटा असतो. बहुतेक लोकांत तो लहान असतो.
- वय, मधुमेह, फुप्फुसांचे जुने आजार, धूम्रपान, कुपोषण, लसीकरण आणि उपचार मिळायला लागलेला वेळ यांचा परिणाम सहसा त्याहून मोठा असतो.
- थोड्या कुटुंबांत एखाद्याच जनुकातील दोष आजार जीवघेणा करू शकतो. अशी कुटुंबे ओळखण्याच्या खुणा आहेत. त्या पुढे दिल्या आहेत.
- आपल्या भागात सिकलसेल हा आनुवंशिक आजार विशेष लक्षात ठेवायला हवा. त्याची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत होते.

जनुकीय फरक म्हणजे काय?

आपल्या शरीराची सगळी माहिती डीएनएमध्ये लिहिलेली असते. ही सुमारे ३०० कोटी अक्षरांची पोथी आहे असे समजा. तिची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. कोणत्याही दोन माणसांच्या पोथ्या जवळपास सारख्याच असतात. साधारण हजार अक्षरांमागे एखादे अक्षर वेगळे असते. या फरकांमुळेच कोणाचा रक्तगट 'ए' असतो, कोणाचा 'ओ', कोणाचे केस कुरळे, कोणाचे सरळ.

यातले बहुतेक फरक निरुपद्रवी असतात. काही फरक रोगप्रतिकारशक्तीच्या कामावर परिणाम करतात. सख्ख्या भावंडांतही आई-वडिलांकडून आलेले फरक वेगवेगळे असू शकतात. म्हणून एकाच घरात, एकाच ताटात जेवणारे दोघे भाऊ एकाच विषाणूला वेगवेगळा प्रतिसाद देतात.

विषाणू शरीरात शिरल्यावर काय होते?

शेतात माळ्यावर बसलेला राखणदार आठवा. रात्री रानडुकरे शिरली की त्याने ती आधी पाहिली पाहिजेत, मग हाळी दिली पाहिजे आणि शेजारच्या शेतांतल्या लोकांनी ती ऐकून धावले पाहिजे. यातली एक गोष्ट जरी चुकली तरी पहाटेपर्यंत पीक गेलेले असते.

आपल्या नाकाच्या आणि फुप्फुसांच्या पेशींत असेच चालते. विषाणू शिरला की पेशींतील काही प्रथिने त्याला ओळखतात. टीएलआर७ हे त्यांपैकी एक. मग पेशी 'इंटरफेरॉन' नावाचे रसायन सोडतात. ती झाली हाळी. शेजारच्या पेशींवर इंटरफेरॉन पकडणारे 'कान' असतात. संदेश मिळताच त्या पेशी विषाणूला वाढू न देणारी प्रथिने तयार करतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत हे नीट झाले तर आजार सर्दी-तापावर थांबतो.

हाळी उशिरा किंवा क्षीण आवाजात दिली गेली तर विषाणू फुप्फुसांत खोलवर पोहोचतो. मग शरीर घाईघाईने मोठी फौज पाठवते. त्यातून होणारी सूज इतकी वाढू शकते की विषाणूपेक्षा सूजच फुप्फुसांचे जास्त नुकसान करते. कोविडमध्ये अनेक रुग्ण आठव्या-दहाव्या दिवशी अचानक खालावले, त्याचे एक कारण हे होते.

राखणदाराची नजर, हाळी, शेजाऱ्यांचे कान आणि नंतरची फौज, या प्रत्येक टप्प्यासाठी वेगवेगळी जनुके आहेत. कुठे फरक आहे त्यावर आजाराचे स्वरूप काही अंशी ठरते.

जनुकांचा परिणाम दोन प्रकारचा असतो

*पहिला प्रकार: एकाच जनुकातील मोठा दोष.* हा दुर्मीळ असतो, पण परिणाम मोठा असतो. २०२० मध्ये नेदरलँड्समधील दोन कुटुंबांत प्रत्येकी दोन तरुण भावांना कोविडमुळे व्हेंटिलेटर लागला. चौघेही आधी निरोगी होते. एकाचा मृत्यू झाला. तपासणीत चौघांच्याही टीएलआर७ जनुकात दोष सापडला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रियांमध्ये एक्सच्या दोन प्रती असतात, त्यामुळे एक बिघडली तरी दुसरी काम सांभाळते. पुरुषांमध्ये एकच प्रत असते. म्हणून आई निरोगी राहते आणि मुलगा गंभीर आजारी पडू शकतो.

फ्लूबाबतही असे घडते. २०१५ मध्ये संशोधकांनी एका लहान मुलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या फ्लूने तिची फुप्फुसे निकामी होण्याच्या बेताला आली होती. इंटरफेरॉन तयार करायला लागणाऱ्या आयआरएफ७ या जनुकाच्या तिच्या दोन्ही प्रती सदोष होत्या. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आई-वडिलांकडे प्रत्येकी एक चांगली प्रत असल्याने दोघेही निरोगी होते.

*दुसरा प्रकार: अनेक जनुकांतील छोटे फरक.* हे लाखो लोकांत असतात, पण प्रत्येकाचा परिणाम थोडाच असतो. रक्तगट हे त्याचे उदाहरण. कोविडमध्ये 'ओ' गटाच्या लोकांना धोका किंचित कमी आणि 'ए' गटाच्या लोकांना किंचित जास्त आढळला. फरक इतका लहान आहे की त्यावरून कोणी निर्धास्त होऊ नये आणि घाबरूही नये.

आपल्याकडे जास्त आढळणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा तुकडा

२०२० मध्ये इटली आणि स्पेनमधील गंभीर रुग्णांच्या अभ्यासात तिसऱ्या गुणसूत्रावरील एक तुकडा समोर आला. तो असलेल्यांना कोविडमध्ये श्वसन निकामी होण्याचा धोका जास्त होता. त्याच वर्षी ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पाबो यांनी दाखवले की हा तुकडा निअँडरथल या प्राचीन मानवांकडून सुमारे ६०,००० वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांत आला. (पाबो यांना २०२२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.) युरोपात साधारण १६ टक्के लोकांत हा तुकडा आहे. दक्षिण आशियात, म्हणजे आपल्या भागात, तो जवळजवळ निम्म्या लोकांत आहे.

हे वाचून काळजात धस्स होणे साहजिक आहे. पण पुढचे तीन मुद्दे तितकेच महत्त्वाचे आहेत.

एक, 'धोका दुप्पट' याचा अर्थ नीट समजून घ्या. समजा, तुमच्या वयाच्या १,००० निरोगी माणसांपैकी २ जणांचा आजार गंभीर होतो. धोका दुप्पट झाला तर ४ जणांचा होईल. उरलेले ९९६ जण तरीही घरीच बरे होतील.

दोन, हैदराबादची सीसीएमबी आणि बनारस हिंदू विद्यापीठ येथील संशोधकांनी २०२१ मध्ये भारतातील चित्र तपासले. कोणत्या राज्यातील लोकांत हा तुकडा किती आढळतो आणि तिथे कोविडची लागण व मृत्यूचे प्रमाण किती, हे त्यांनी ताडून पाहिले. दोन्हींत संबंध आढळला नाही. ही तुलना राज्यांची होती, एकेका रुग्णाची नव्हती. तरी एक गोष्ट त्यातून दिसते: युरोपातील रुग्णांवरून काढलेला निष्कर्ष आपल्या लोकांना जसाच्या तसा लावता येत नाही.

तीन, निअँडरथलांकडून आलेले सगळेच वाईट नाही. बाराव्या गुणसूत्रावरील, त्यांच्याकडूनच आलेला आणखी एक तुकडा गंभीर कोविडपासून काही प्रमाणात संरक्षण देतो. एकाच माणसात दोन्ही तुकडे असू शकतात.

या संशोधनाचा रुग्णांना उपयोग काय झाला?

ब्रिटनमध्ये अतिदक्षता विभागातील हजारो रुग्णांच्या डीएनएचा अभ्यास झाला. त्यात इंटरफेरॉनचा 'कान' बनवणारे आयएफएनएआर२ आणि सूज वाढवण्यात भाग घेणारे टीवायके२ ही जनुके महत्त्वाची ठरली. टीवायके२ ज्या साखळीत काम करते ती साखळी रोखणारे बॅरिसिटिनिब हे संधिवाताचे औषध पुढे गंभीर कोविडमध्ये उपयोगी ठरले. तुम्ही जनुकीय तपासणी करा किंवा करू नका, अशा संशोधनाचा फायदा तुमच्यापर्यंत उपचारांतून पोहोचतो.

सिकलसेल: आपल्या भागात हे आधी तपासा

ठाणे आणि पालघरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो. हा आजार अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील एकाच अक्षराच्या बदलामुळे होतो. त्यामुळे रक्तातील लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे न्यूमोनियाच्या जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. साध्या फ्लूनंतरही अशा रुग्णाच्या छातीत दुखणे, धाप लागणे आणि ऑक्सिजन कमी होणे असा गंभीर प्रकार होऊ शकतो.

येथे दोन शब्दांतील फरक लक्षात ठेवा.

- वाहक: जनुकाची एकच प्रत बदललेली. अशी व्यक्ती बहुधा निरोगी असते. साध्या ताप-खोकल्यात तिने वेगळे घाबरण्याचे कारण नाही.
- रुग्ण: दोन्ही प्रती बदललेल्या. अशा व्यक्तीला ताप म्हणजे तातडीची बाब. ताप १०१ अंश फॅरेनहाइटच्या वर गेला, छातीत दुखले किंवा धाप लागली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. 'पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन ठीक असतील' असा हिशेब चालत नाही.

राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन प्राथमिक चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर दुसरी चाचणी करून खात्री केली जाते. आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. वीटभट्टीच्या कामासाठी किंवा इतर मजुरीसाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांनी तपासणी निघण्यापूर्वी करून घ्यावी आणि कार्ड सोबत ठेवावे. परगावी ताप आल्यावर तिथल्या डॉक्टरला ते कार्ड पाहूनच लगेच कळेल की हा रुग्ण जपायचा आहे.

कोणत्या कुटुंबांनी जनुकीय दोषाचा विचार करावा?

एकदा न्यूमोनिया झाला म्हणजे जनुकीय दोष आहे असे नाही. पण खालीलपैकी काही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा:

- मुलाला एका वर्षात दोन किंवा अधिक वेळा न्यूमोनिया झाला आहे.
- दोन महिने प्रतिजैविके देऊनही संसर्ग हटत नाही, किंवा दर वेळी शिरेतूनच औषधे द्यावी लागतात.
- बाळाचे वजन वाढत नाही, तोंडात पांढरी बुरशी वारंवार येते, शरीरात खोल गळवे होतात.
- घरात आधी एखादे बाळ पहिल्या वर्षातच संसर्गाने दगावले आहे. विशेषतः आईच्या बाजूचे मुलगे: तिचे भाऊ, मामा, बहिणीचे मुलगे.
- तरुण, निरोगी सख्ख्या भावंडांपैकी दोघांना फ्लू किंवा कोविडमुळे व्हेंटिलेटर लागला.
- आई-वडील जवळच्या नात्यातले आहेत आणि वरीलपैकी एखादी खूणही आहे.

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडे. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न ही आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यातील बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगीच असतात. मात्र नात्यातील दोघांकडे एकच लपलेला दोष असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून डॉक्टर हा प्रश्न विचारतात. त्यात कोणाला दोष देण्याचा हेतू नसतो. संकोच न करता खरे सांगा.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. घरात पूर्वी एखादे बाळ संसर्गाने दगावले असेल तर नव्या बाळाला बीसीजी, तोंडावाटे दिली जाणारी पोलिओ लस आणि रोटाव्हायरस लस देण्यापूर्वी डॉक्टरांना ते सांगा. या लसींत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. प्रतिकारशक्तीचा जन्मजात गंभीर दोष असलेल्या बाळाला त्या धोकादायक ठरू शकतात. इतर सर्व बाळांना त्या सुरक्षित आहेत आणि वेळेवर द्यायलाच हव्यात.

तपासणी कुठे होते?

सुरुवात जवळच्या बालरोगतज्ज्ञापासून किंवा फिजिशियनपासून करा. साध्या रक्त तपासणीत पांढऱ्या पेशींची मोजणी आणि प्रतिपिंडांचे प्रमाण पाहूनही बरेच कळते. पुढे गरज पडली तर मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आहे. केईएम रुग्णालयाच्या आवारातील आयसीएमआरच्या एनआयआयएच या संस्थेत प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांवर विशेष काम चालते. जाताना जुने केसपेपर, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड न्या. घरात कोण कोणत्या वयात कशाने गेले, हे एका कागदावर लिहून नेले तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

खासगी कंपन्या लाळेच्या नमुन्यावरून 'तुम्हाला कोविडचा धोका किती' असे अहवाल विकतात. वर सांगितलेल्या खुणा तुमच्या कुटुंबात नसतील तर त्यावर पैसे घालू नका. छोट्या फरकांची यादी हातात आल्याने उपचारात काहीही बदल होत नाही. तेच पैसे फ्लूच्या लसीवर खर्च करणे जास्त फायद्याचे.

जनुके बदलता येत नाहीत, मग काय करता येते?

*लस घ्या.* आपल्याकडे फ्लूची एक लाट पावसाळ्यात आणि दुसरी हिवाळ्याच्या सुमारास येते. ज्येष्ठ नागरिक, गरोदर महिला, मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा सिकलसेल असलेल्यांनी पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये लस घ्यावी. ही लस दरवर्षी घ्यावी लागते. बाळाला न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने या वयात मोफत मिळते.

*चुलीचा धूर कमी करा.* बंद घरात चूल पेटत असेल तर तान्ह्या बाळाला आणि दम्याच्या रुग्णाला तिथे बसवू नका. विडी-सिगारेट आणि मशेरी सोडा.

*साखर, रक्तदाब तपासा.* अनियंत्रित मधुमेह हा छोट्या जनुकीय फरकांपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे आणि तो आपल्या हातात आहे.

*उशीर करू नका.* फ्लूवरील ओसेल्टामिव्हिर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर सर्वाधिक उपयोगी पडते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. वाड्या-पाड्यांवरून रुग्ण मुरबाड किंवा शहापूरला, तिथून उल्हासनगर, ठाणे किंवा मुंबईला न्यायचा तर तास जातात. हा वेळ धरूनच निर्णय घ्या.

रुग्णालयात ताबडतोब कधी न्यावे?

मोठ्यांमध्ये:
- बोलताना किंवा बसल्या जागी धाप लागणे
- ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ च्या खाली
- छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गोंधळल्यासारखे वागणे
- ताप उतरून पुन्हा चढणे आणि खोकला वाढणे

लहान मुलांमध्ये, बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा:
- २ महिन्यांपेक्षा लहान: ६० किंवा अधिक
- २ महिने ते १ वर्ष: ५० किंवा अधिक
- १ ते ५ वर्षे: ४० किंवा अधिक

श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल, सुस्त पडले असेल किंवा झटका आला असेल तर मोजत बसू नका. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*माझ्या वडिलांचा कोविडने मृत्यू झाला. मलाही तसाच धोका आहे का?*
तुम्हाला त्यांची निम्मी जनुके मिळाली आहेत. त्यांचे वय, त्यांचा मधुमेह किंवा त्या वेळी लस नसण्याची परिस्थिती नाही. त्यांचे वय साठच्या पुढे होते किंवा त्यांना इतर आजार होते, तर वेगळ्या जनुकीय तपासणीची गरज नसते. ते तरुण आणि पूर्ण निरोगी असतील तर डॉक्टरांशी बोला.

*आदिवासी समाजाचे रक्त कमकुवत असते का?*
नाही. कोणत्याही समाजाचे रक्त कमकुवत किंवा बलवान नसते. प्रत्येक समाजात काही फरक जास्त, काही कमी आढळतात. सिकलसेलचा बदलही टिकून राहिला तो वाहकांना मलेरियापासून संरक्षण देतो म्हणून. दुर्गम पाड्यावरील मूल न्यूमोनियाने दगावते तेव्हा कारण बहुतेकदा कुपोषण, धूर, चुकलेली लस किंवा लांबचा दवाखाना हे असते.

*मी वाहक आहे. लग्नात अडचण येईल का?*
वाहक असणे हा आजार नाही. जोडीदाराचीही तपासणी करून घ्या. दोघेही वाहक असाल तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगा, म्हणजे बाळाची तपासणी वेळेत करता येते.

*आम्ही भावाला लवकर नेले असते तर तो वाचला असता का?*
याचे खरे उत्तर पुष्कळदा कोणीच देऊ शकत नाही. काही रुग्णांत शरीराचा प्रतिसादच असा असतो की वेळेवर उपचार मिळूनही आजार आवरत नाही. स्वतःला किंवा घरातल्या कोणाला दोषी धरू नका. घरातील पुढच्या तापाच्या वेळी काय करायचे ते मात्र आजच ठरवून ठेवा: कोणाला लस द्यायची राहिली आहे, ऑक्सिमीटर कोणाकडे आहे आणि रात्री गाडी कोणाची मिळेल.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या किंवा तुमच्या नातेवाईकाच्या उपचारांबाबतचे निर्णय प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.*